लुगड्याचा खडक

माझ्या धाकट्या भावाने मला एकदा ओवाळणीत खडक दिला होता. साड्या दिल्या, कानातली दिली, एका वर्षी मिक्सर दिला, पण मी माझ्या तोंडाने मागून घेतलेली ओवाळणी ती एकच. तो खडक आता जागेवर नाही. तो कसा गेला हे सांगायचं तर मला आधी मंगळावर जावं लागतं आणि मग खडवलीला यावं लागतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझी सूनही आधी हसायची.

मी सातवी पास. लग्न होऊन डोंबिवलीला आले, आमचे हे वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात होते. मी घरी पोळ्या करून द्यायचे, नोकरीवाल्या बायकांना. तीस वर्षं पोळ्या लाटल्या. मग हे गेले, मुलगा हाताशी आला, खांदा दुखायला लागला आणि पोळ्या बंद केल्या. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की दुपार किती लांब असते. घराजवळच वाचनालय होतं आणि तिथला पंखा चांगला होता, खोटं कशाला सांगू, मी पंख्यासाठीच जायला लागले. दिवाळी अंक संपवले. पाककृतींची पुस्तकं चाळली, पण त्यातली मापं वाचून मला रागच यायचा. मग जे हाताला लागेल ते वाचायला लागले, आणि एकदा हाताला लागलं ग्रहांवरचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक. मुलांच्या कपाटातलं होतं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, नातवाला का? मी म्हटलं, हो. नातू तेव्हा झालेलाही नव्हता.

त्याच वाचनालयाच्या हॉलमध्ये एका रविवारी व्याख्यान होतं. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक मॅडम बोलणार होत्या, दुसऱ्या ग्रहांवरच्या ज्वालामुखींबद्दल. मी पहिल्या रांगेत बसले कारण मला मागून ऐकू येत नाही. मॅडमनी पडद्यावर एक फोटो टाकला. काळा दगड, आणि त्याच्यावर वळ्याच वळ्या, एकीला लागून एक, जशा खाली टाकलेल्या दोरखंडाच्या असाव्यात. म्हणाल्या, हा हवाई बेटावरचा लाव्हा, नुकताच थंड झालेला. मग दुसरा फोटो, मंगळाचा, वरून यानाने काढलेला. त्यात जमिनीवर वेटोळी होती, कोणी चकल्या टाकून ठेवाव्यात तशी. म्हणाल्या, ही पण लाव्ह्याचीच, तिथे अजून कोणी माणूस गेलेला नाही.

मी हात वर केला नाही, काही नाही, सरळ उभी राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तो पहिला फोटो आमच्या शेतात आहे."

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "शेत कुठे तुमचं?"

खडवलीच्या पलीकडे नदीकाठी आमचं गाव. तिथले आम्ही पिढ्यानपिढ्याचे, भातशेती करणारे. नदी आणि आमचं खालचं शेत यांच्या मध्ये तो खडक होता, मोठ्या अंगणाएवढा पसरलेला, आणि सगळ्या अंगावर निऱ्या. आम्ही त्याला लुगड्याचा खडक म्हणायचो. साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी, त्या आंघोळीला उतरल्या, काठावर लुगडं सोडून ठेवलं, कोणीतरी पाहिलं म्हणून त्या घाईने निघून गेल्या आणि लुगड्याचा दगड झाला, असं आई सांगायची. आई तिथे हळदकुंकू वाहायची आणि त्याच खडकावर धुणंही धुवायची. निऱ्यांवर कपडे घासले की मळ चांगला निघतो. देवीचं लुगडं आणि आमची धुणी, दोन्ही एकाच जागी, आणि आईला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी लहानपणी त्या निऱ्यांच्या खोबणीतून बोट फिरवत बसायचे. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तो माझ्या मांडीवर. त्याचंही बोट मीच फिरवायचे.

मॅडम पुढच्याच आठवड्यात माझ्याबरोबर गावी आल्या. खडकाशी पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, देवाचं आहे म्हणून काढायला पाहिजेत असं काही नाही. त्या म्हणाल्या, देवाचं म्हणून नाही, झिजायला नको म्हणून. मग गुडघ्यावर बसल्या आणि तळहात ठेवला. भाऊ बाजूला उभा राहून माझ्याकडे बघत होता, ही कोण आणलीस म्हणून.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी कशावर धुणं धुतलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि आतून लाव्हा बाहेर आला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, थरावर थर. हा आपला सगळा काळा दगड, पार सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत, त्याचाच. तेव्हा नदी नव्हती, आमचं घर नव्हतं, भारतसुद्धा आज आहे तिथे नव्हता. मॅडमनी मला वळ्यांचा वाक दाखवला. म्हणाल्या, वाक ज्या बाजूला फुगलाय त्या बाजूला लाव्हा गेला. मी बघितलं तर तो नदीकडून आमच्या घराकडे आला होता. मला उगीच बरं वाटलं.

पुढची चार-पाच वर्षं मी शिकले. शाळेत नाही शिकले तेवढं. मॅडमचं घर ठाण्याला, पण आठवड्यातून दोनदा फोन व्हायचा. त्या शास्त्र सांगायच्या आणि मी ते स्वयंपाकघरात आणून बसवायचे, कारण मला दुसरीकडे कुठे बसवताच येत नाही. दुधाचंच बघा. तापवलेलं दूध निवत ठेवलं की वर साय धरते. पातेलं जरा कलतं करा. खालचं दूध पुढे सरकतं, साय त्याच्याबरोबर ओढली जाते, कडेला अडते आणि तिला वळ्या पडतात. लाव्ह्याचं तसंच. वरची कातडी थंड होते, खालचा अजून गरम आणि वाहता, तो कातडीला पुढे रेटतो, आणि निऱ्या पडतात. मी मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, मी तीस वर्षं फळ्यावर खडूने काढून दाखवत होते हो.

साय जाड असली की वळ्या रुंद पडतात, पातळ असली की बारीक. हे मी म्हशीचं आणि गाईचं दूध वेगवेगळं तापवून बघितलंय, सून साक्षीला आहे. आणि शास्त्रज्ञ हेच करतात. मंगळावर कोण जाणार मोजायला? वरून काढलेल्या फोटोत वळ्यांची रुंदी मोजतात आणि सांगतात की आतला लाव्हा किती दाट होता, किती भरभर निवला. मॅडम नेहमी म्हणायच्या, "खडक कितीही खोल असू दे, बाई. वाचायचं ते सगळं वरच्या चार बोटांत असतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते नंतर फार महागात पडलं.

मंगळावरचा सगळ्यात मोठा ज्वालामुखी एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच आहे, पण चढण इतकी मंद की चढणाऱ्याला कळायचं नाही आपण डोंगरावर आहोत. घावनाचं पीठ एकाच जागी ओतत राहा, वर वर ओतत राहा, कसं पसरेल, तसा. तिथली जमीन आपल्यासारखी सरकत नाही, म्हणून पीठ पडतं ते त्याच जागी. शुक्राला कायमचे ढग, आतलं दिसत नाही, म्हणून रडारने चाचपतात, अंधारात फडताळात डबा शोधावा तसं. तिथे लाव्ह्याची एक नदी वाहून गेलीय, आपल्या गंगेच्या दुपटीहून लांब. चंद्रावरचा ससा म्हणजे सुद्धा गोठलेला लाव्हाच. आणि गुरूचा तो एक चंद्र, आयो. पिवळा, मध्ये मध्ये करपलेला, हळद-तिखट लावून भाजलेल्या भाकरीसारखा. इवलासा, खरं तर कधीच थंड होऊन जायला हवा होता. पण एका बाजूने गुरू ओढतो, दुसऱ्या बाजूने बाकीचे चंद्र ओढतात, आणि तो बिचारा सारखा तिंबला जातो. कणीक खूप तिंबली की हाताला कोमट लागते ना, तसा तो तिंबून तिंबून तापतो आणि त्याच्यातून आजही कारंजी उडतात. तीस वर्षं कणीक तिंबली मी. मला आयो कळायला फोटोचीही गरज नव्हती.

असं चाललं होतं. मग ती भाऊबीज आली.

भाऊ दरवर्षी डोंबिवलीला येतो. पाटावर बसला, मी ओवाळलं, आणि त्याने तबकात काही टाकायच्या आधी विषय काढला. वडिलांच्या जमिनीवर आम्हा दोघांची नावं होती. त्याला माझी हक्कसोडीची सही पाहिजे होती. आमच्याकडे ही रीतच आहे. बहिणी सही करून देतात. जी देत नाही तिचं माहेर त्या दिवशी संपतं, मग तिला कोणी बोलावतही नाही आणि तिची वाटही बघत नाही. मी सही देणारच होते. माझ्या आत्यांनी दिली, आईने दिली, मी कोण वेगळी?

त्यालाही थोडं अवघडल्यासारखं झालं असावं. म्हणाला, "ताय, यंदा तू माग. काय पायजे ते माग."

मी म्हटलं, "लुगड्याचा खडक."

तो हसला. "दगड? सोनं माग की."

"सोनं नको. खडक आहे तिथेच राहू दे, आहे तसा. त्याला कोणी हात लावायचा नाही. एवढंच."

त्याने माझ्या तबकावर हात ठेवला, निरांजनाच्या अगदी जवळ, मला आठवतं, मी म्हटलं भाजेल. म्हणाला, "दिला. मी हाय तोवर त्याला कोणाचा हात नाय लागणार."

पुढच्या आठवड्यात कल्याणला जाऊन मी सही केली, अंगठ्याचा ठसाही दिला. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, खडकाचं कागदावर घेतलंत ना? मला त्यांचा राग आला. मी म्हटलं, मॅडम, भावाकडून कोणी कागद घेतं का? त्या म्हणाल्या, नाही, तसं नाही म्हणत मी. आणि तो विषय तिथेच राहिला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गावाहून कानावर आलं की आमच्या जमिनीवर शनिवार-रविवारी राहायला यायची घरं होणार आहेत, नदीकाठची. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, वरच्या अंगाला होतायत, खडकाकडे बाग आहे. त्या वर्षीच्या भाऊबिजेला आला तेव्हा मी न विचारताच म्हणाला, "तुझा खडक मजेत हाय." मी त्याला दोन करंज्या जास्त वाढल्या.

तेव्हा मॅडमच्या मनात आलं की वाचनालयातल्या लोकांना घेऊन खडकावर जायचं. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला. पंचवीस माणसांनी नावं दिली. आणि मॅडम म्हणाल्या, या वेळी मी बोलणार नाही, तुम्ही बोलायचं.

मी आयुष्यात चार माणसांपुढे बोलले नव्हते. बायका जमल्या की बोलते खूप, ते वेगळं. पण उभं राहून, लोक बसलेले, आणि मी सांगणारी, हे मला कधी कोणी दिलंच नव्हतं. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूंवर मुद्दे लिहिले. सुनेपुढे तालीम केली, ती म्हणाली, आई, आयोवर फार वेळ घालवताय. साय दाखवायची म्हणून पातेलं, छोटी शेगडी आणि चार लिटर दूध न्यायचं ठरवलं. खडकावरच दूध तापवायचं, तिथेच निववायचं, आणि म्हणायचं, आता खाली बघा, तुम्ही कशावर बसलात ते. हे एक वाक्य मी किती वेळा पाठ केलं असेल. बुधवारी भावाला फोन केला की रविवारी येतोय, पंचवीस जण. तो म्हणाला, "या की. पोहे करायला सांगतो."

मिनीबसमध्ये मी पुढे बसले, मांडीवर पातेलं. गावाबाहेर बस थांबली आणि आम्ही शेताच्या वाटेने निघालो. वाट जिथे वळते तिथे निळे पत्रे उभे केलेले. पत्र्यांना एक फाटक. रखवालदाराला मी माझं माहेरचं आडनाव सांगितलं, त्याने उघडलं.

आत सगळं सपाट होतं, मुरूम टाकून दाबलेलं. एका कडेला पोकलेन उभा. मला आधी वाटलं मी चुकले. माझ्याच शेतात मी वाट चुकले. मग मी उंबराचं झाड शोधलं, ते होतं. उंबराकडून नदीकडे चालत गेलं की पस्तीस-चाळीस पावलांवर खडक सुरू व्हायचा. मी चालत गेले. पावलं संपली आणि पुढे खड्डा होता, पाणी साठलेला, गढूळ. खड्ड्याच्या काठाला फोडलेल्या दगडांचा ढीग. त्यातल्या एकावर, वितीएवढ्या, दोन निऱ्या होत्या.

माझ्यामागे पंचवीस माणसं उभी होती. कोणीतरी फार मायेने विचारलं, दुसऱ्या बाजूला असेल का? मॅडमनी माझा दंड धरला. कॅलेंडरचे कागद माझ्या हातातच राहिले. मॅडमच मग बोलल्या, पाचेक मिनिटं, त्या ढिगातला तो वितीएवढा तुकडा हातात घेऊन. मी ऐकलं नाही.

भाऊ मोटरसायकलवरून आला. आल्या आल्या म्हणाला, पोहे गार होतायत. मी नुसती खड्ड्याकडे बघत होते. तेव्हा म्हणाला, काय करणार ताय, रस्ता तिथूनच जात होता, मशीन आलेलं परत पाठवता येईना, मंगळवारी झालं.

मंगळवारी. मी फोन बुधवारी केला होता.

घरी भावजयीने पोहे दिले. ती माझ्याकडे बघत नव्हती, ताटल्यांकडे बघत होती. पातेल्यातलं दूध तिने चुलीवर ठेवलं, कारण पंचवीस माणसांना चहाला तिच्याकडचं दूध पुरलं नसतं. मी निववायला म्हणून नेलेल्या दुधाचा चहा झाला आणि सगळ्यांनी चांगला झालाय म्हणून प्यायला. मीही प्यायले. माहेरी गेलेल्या बाईने चहा नाकारायचा नसतो.

महिनाभर मी फोन केला नाही, त्यानेही केला नाही. मग एके दिवशी सकाळी खाली टेंपो लागला. दोन माणसं एक काळी लादी उचलून वर घेऊन आली, देव्हाऱ्याखाली घालता येईल एवढी, वीतभर जाड. मागे भाऊ, घामाघूम, तोंडभर हसत. ती भिंतीला टेकवून ठेवली आणि त्याने आपल्या रुमालाने पुसली.

"तुझ्या खडकाची हाय. मोठा तुकडा नीट काढून ठेवायला लावला होता. कल्याणला पॉलिश करून आणली. बघ, तोंड दिसतं."

तोंड दिसत होतं. माझं, आणि मागे त्याचं. निऱ्या नव्हत्या. वरची चार बोटं कापून काढली होती. आतल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात खडकात, ती काळ्या लांबीच्या लुकणाने बुजवून घोटली होती, की कुठे हाताला काही लागू नये. मी बोट फिरवलं. काही लागलं नाही.

काय सांगू, तो खरंच खूश होता. मांडीवर बसून माझ्या हाताने बोट फिरवायचा तेव्हा दिसायचा तसाच. त्यामुळे मला धड रागावताही येईना. मी पाणी दिलं, चहा टाकला. आणि चहा पिता पिता, आपण किती केलं हे मला कळावं म्हणून तो बोलत गेला. म्हणाला, करार झाला गणपतीत, तेव्हाच नकाशा आलेला, रस्ता बरोबर खडकावरून. मग तू ओवाळणीत नेमका तोच मागितलास, तर मी दुसऱ्याच दिवशी त्यांना फोन केला, की फोडाल तेव्हा एक मोठा तुकडा माझ्या बहिणीसाठी ठेवा.

तो सांगत होता आणि मी मनात सण मांडत होते. आधी गणपती. मग दिवाळी. मग सही.

मी विचारलं, "माझ्या तबकावर हात ठेवलास, तेव्हा तुला माहीत होतं?"

त्याने कप खाली ठेवला. "सांगितलं असतं तर तू सही दिली असतीस?"

"दिली असती."

मी खरं तेच सांगितलं. खडक जाणार हे कळूनही मी सही दिली असती. रडले असते, चार दिवस जेवले नसते, पण दिली असती, कारण तो माझा भाऊ आणि आमची रीत तशी. फार तर म्हटलं असतं, मशीन लावायच्या आधी मला दोन दिवस दे, मॅडमना बोलावते, नीट मोजून घेतो, फोटो काढतो, एकदा हात फिरवते. त्याने मला खडकासाठी फसवलं नाही. त्याने मला अशा सहीसाठी फसवलं जी त्याला मागायच्या आधीच मिळालेली होती. साठ वर्षं त्याने मला ओळखलंच नव्हतं, हे मला त्या चहाच्या वेळी कळलं.

तो म्हणाला, "तू मागितलास दगड, ताय. मना वाटलं दगडच पायजे."

आता माझ्याकडे अकरा फोटो आहेत. एकात मॅडमनी आकार कळावा म्हणून खडकावर ठेवलेलं पेन आहे, एकात कोपऱ्यात माझ्या पायाचा अंगठा आलाय. त्या पेनाशी ताडून मी निऱ्यांची रुंदी मोजते आणि वहीत लिहिते. मंगळाचे लोक मोजतात तशी. पण मंगळाला कधीतरी कोणी जाईल आणि हात लावून बघेल की मोजलेलं बरोबर होतं का. माझ्या माहेरच्या खडकाला आता कोणी हात लावू शकणार नाही.

लादीचं काय केलं ते विचाराल. पॉलिशची बाजू भिंतीकडे करून गॅलरीत उभी ठेवली आहे. तिच्या कडा घोटलेल्या नाहीत, तशाच कापलेल्या आहेत, आणि कडेवर बुडबुडे दिसतात, खडकाच्या वरच्या अंगाला बारीक आणि दाट, खालच्या अंगाला मोठे आणि विरळ. वर लाव्हा चटकन थिजला, बुडबुड्यांना वाढायला सवड मिळाली नाही. खाली सावकाश निवला, ते वाढले, एकमेकांत मिसळले. खडक अखंड असताना हे आतलं मला कधीच दिसलं नसतं. मॅडम येऊन भिंग लावून बघून गेल्या, म्हणाल्या, पुढच्या महिन्यात ही कडा घेऊन वाचनालयात बोला. मी बोलेन. पण आतलं बघायला मिळालं म्हणून मी त्याला माफ केलं, असं कोणी समजू नये. मी आतलं बघायला मागितलं नव्हतं.

यंदाच्या भाऊबिजेला तो आला. मी पाट मांडला, रांगोळी काढली. बसायच्या आधी त्याची नजर गॅलरीत गेली.

"ताय, पॉलिशची बाजू आत गेलीय."

"हो," मी म्हटलं. "त्या बाजूला वाचायला काही ठेवलं नाहीस."

तो पाटावर बसला. मी टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, तबकापासून लांब. काय पायजे ते माग, असं या वेळी तो म्हणाला नाही. पाकीट तबकात ठेवलं आणि वाकून पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस पार विरळ झालेत त्याचे. मग मी तबक उचललं आणि करंज्या वाढायला आत गेले. सगळ्यांना वाढल्या तेवढ्याच त्यालाही वाढल्या.